तिसरा फेरीवाला

एका जुन्या भिंगाने आम्हांस चार रात्री स्वस्थ झोप लागू दिली नाही, असे म्हटले तर वाचकांस प्रथम हसू येईल. ज्या वयात मनुष्याने मुलांच्या नोकऱ्या, स्वतःचे गुडघे आणि निवृत्तिवेतन यांची काळजी वाहावी, त्या वयात धातूच्या व काचेच्या एका नळकांड्यापायी जागरण करणे शोभत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ते भिंग घ्यावे की न घ्यावे एवढाच प्रश्न असता, तर तो पगाराच्या आकड्यावर आणि गृहिणीच्या मुद्रेवर सोपवून आम्ही खुशाल झोपी गेलो असतो. प्रश्न निराळाच होता. जी वस्तू आपण विकत घेऊ पाहतो तिचे खरे मोल आपणांस ठाऊक आहे आणि विकणाऱ्यास ठाऊक नाही, अशा वेळी ते त्यास सांगणे हे आपले कर्तव्य आहे काय? वर्गात हा प्रश्न आम्ही कितीदा तरी विद्यार्थ्यांपुढे टाकला असेल. तो आपल्याच हातात वजनदार होऊन बसेपर्यंत त्याचे उत्तर आम्हांस सोपे वाटत होते.

हकीकत थोडक्यात अशी. जुन्या नाशकात, रविवार कारंज्यापासून फार दूर नसलेल्या एका वाड्यात, एक छायाचित्रकार राहत असत. गावातील कित्येक घरांच्या भिंतींवर अजून त्यांचे काम टांगलेले आहे. भाड्याचा झगा घालून काढलेले आमचे पदवीचे छायाचित्र त्यांचेच, आणि लग्नातले, ज्यात आमच्या मुंडावळ्या वाकड्या झाल्या आहेत, तेही त्यांचेच. ते गेल्यास आता दोन वर्षे झाली. वाडा पाडून तेथे इमारत उठायची आहे. म्हणून त्यांच्या पत्नीने, ज्यांना आम्ही काकू म्हणतो, माळ्यावरचे सामान खाली काढावयास घेतले. आम्हांस तरुणपणापासून छायाचित्रणाचा नाद आहे हे त्यांना माहीत होते. त्यांचा निरोप आला, "सर, ह्यांची एक पेटी निघाली आहे. एकदा पाहून जाता का?"

पेटीत प्रकाशमापक होता, फिल्म धुण्याचे डबे होते, तांबड्या काचेचा एक दिवा होता. आणि तळाशी, भुगा झालेल्या चामड्याच्या डबीत, कार्ल झाइसच्या येना येथील कारखान्यात घडलेले बायोटार जातीचे भिंग होते. पंचाहत्तर मिलिमीटर, एफ १.५. ते हातात घेताच आमची बोटे किंचित थरथरली, हे आम्ही लपवीत नाही. काकू म्हणाल्या, "शेजारचा मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा म्हणाला, याचे कोणी दोन हजारसुद्धा देणार नाही. मला पाच मिळाले तरी बरे वाटेल. पण तुम्हांला यातले कळते. तुम्ही सांगाल ते."

आमच्या अंदाजाने त्या भिंगाचे मोल, ते निर्दोष असेल तर, लाखाच्या घरात होते.

ही किंमत कशी येते, ते थोडे सांगणे जरूर आहे. कारण पुढचा सारा वाद तिच्यावर उभा आहे. बायोटारची मूळ रचना झाइसच्या विली मर्टे यांची, १९२७ सालची. आमच्या हातातला प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तयार झाला आणि युद्धानंतरही येनात काही काळ बनत राहिला. युद्धाच्या अखेरीस या कारखान्याची फाळणी झाली. काही तज्ज्ञांस अमेरिकनांनी पश्चिमेकडे नेले आणि तेथे ओबरकोखेन गावी दुसरा झाइस उभा राहिला, येनाचा झाइस पूर्व जर्मनीत राहिला. पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चालत असे, त्यामुळे परकीय चलनाच्या दुष्काळातही तिकडचे कॅमेरे आपल्याकडे येऊ शकत. भिंगात सहा काचा, त्यांतील दोन जोड्या एका प्रकारच्या राळेने चिकटविलेल्या. तोंड इतके मोठे की, तिन्हीसांजेच्या उजेडातही चेहरा टिपता यावा. चित्राच्या कडेला मात्र या रचनेची हुकमत सुटते, आणि चेहऱ्यामागची पानेफुले भोवऱ्यासारखी गरगरल्यागत दिसतात. कारखानदाराच्या दृष्टीने तो दोष होता. पुढील रचनाकारांनी तो काढून टाकण्यासाठी हयात वेचली. आता प्रत्येकाच्या खिशातील यंत्र निर्दोष चित्र काढू लागल्यावर त्याच दोषासाठी जगभरचे हौशी लोक पैसे मोजतात. याच बायोटारच्या धाकट्या प्रकाराची, अठ्ठावन्न मिलिमीटरची, रशियन नक्कल 'हेलिओस' नावाने लाखोंनी निघाली. ती आजही थोडक्या पैशांत मिळते. थोरले भिंग विरळा, म्हणून महाग.

भिंगाच्या बाबतीत गुण कोणता आणि दोष कोणता, हे ठरविताना जाणकारही फसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील यॉर्क येथील भिंगकार डेनिस टेलर यांच्या ध्यानात आले की, जुनी होऊन डागळलेली काच नव्या लखलखीत काचेहून अधिक प्रकाश आत सोडते. तोवर लोक तो डाग घासून काढीत असत. टेलर यांनी काच मुद्दाम डागळण्याच्या कृतीचे पेटंट १९०४ साली घेतले. पुढे १९३५ साली झाइसमध्येच स्मकुला यांनी काचेवर पातळ थर चढविण्याची रीत काढली, आणि आमच्या हातातील भिंगावरचे तांबडे 'टी' अक्षर त्याच थराची खूण होते. तात्पर्य, वस्तूचे मोल तिच्या अंगावर लिहिलेले नसते. मोल जाणणे म्हणजे पुष्कळ अंशी दुसऱ्या लोकांस काय हवे आहे ते जाणणे होय. आणि काकूंनी ते भिंग जन्मभर उलटसुलट करून पाहिले असते, तरी ते त्यांस त्यात सापडले नसते.

नाशिककरांस कॅमेऱ्याचे वेड नवे नाही. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले व १९४४ साली नाशकातच निवर्तलेले दादासाहेब फाळके यांनी विमापत्रे गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले व तेथून विल्यमसनचा कॅमेरा मिळविला. त्या व्यवहारात केवढे धाडस होते! परंतु आमचा प्रश्न त्यात नव्हता. नव्या मालाचा कारखानदार आपल्या वस्तूची किंमत पुरती जाणून असतो. जुन्या वस्तूच्या बाजारात मात्र दोघांपैकी एकजण बहुधा अंधारात उभा असतो. कधी तो घेणारा असतो. मग आपण विकणाऱ्यास लबाड म्हणतो. कधी तो विकणारा असतो. तेव्हा आपण घेणाऱ्यास नशीबवान म्हणतो. एकाच अंधारास ही दोन नावे का, याचा विचार आम्हीही त्या दिवसापर्यंत केलेला नव्हता.

त्या पहिल्या दिवशी आम्ही काय केले, ते आता सांगितले पाहिजे. भिंग खिडकीशी नेऊन उजेडासमोर तिरपे धरले. आतल्या एका काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले होते. ही बुरशी. पावसाळ्याचे चार महिने दमट चामड्याच्या डबीत कोंडलेल्या भिंगावर ती हटकून धरते; फार दिवस राहिली तर तिच्या आम्लाने काचेवरचा थर खाल्ला जातो, आणि मग पुसूनही व्रण राहतो. आम्ही काकूंस ते जाळे दाखविले व म्हणालो, "काकू, यात बुरशी आहे. पाती थोडी तेलकट झाली आहेत. साफ करून घ्यावे लागेल, आणि साफ करणारा माणूस आता मिळत नाही." यातील एकही शब्द खोटा नव्हता. बायोटार या नावाचा अर्थ काय, तेवढे मात्र आम्ही बोललो नाही. "विचार करून सांगतो," असे म्हणून चहा घेतला आणि उठलो.

वाड्याच्या बाहेर पडतो न पडतो तोच आमच्या लक्षात आले की, केवळ खऱ्या शब्दांचे आपण एक खोटे वाक्य बांधून आलो आहो. दोष तेवढे मोठ्याने सांगणे आणि गुण गिळणे, याला बाजारात घासाघीस म्हणतात. भाजीवाल्याशी ती चालते. कारण भाजीवाल्यास वांग्याचा भाव आपल्याहून चांगला ठाऊक असतो आणि आपण नाक मुरडले तरी तो फसत नाही. ज्याला भाव ठाऊकच नाही त्याच्यापुढे नाक मुरडणे म्हणजे त्याच्या डोळ्यांवरची पट्टी अधिक घट्ट बांधणे होय.

अशा वेळी आम्हांस जातकातील एक कथा आठवली. जातकसंग्रहातील ती तिसरी. सेरिव देशाच्या दोन फेरीवाल्यांची. अंधपुर नावाच्या नगरीत एक घराणे पूर्वी धनवान होते. आता एक आजी आणि तिची नात, दोघीच उरल्या होत्या व मोलमजुरी करून राहत होत्या. घरात काजळीने माखलेले एक जुने भांडे पडलेले असे. नातीने दागिन्याचा हट्ट धरला, तेव्हा आजीने ते भांडे पहिल्या फेरीवाल्यापुढे ठेविले. त्याने पाठीवर सुईने ओरखडा काढून पाहिले. भांडे सोन्याचे होते. फुकटात मिळवावे म्हणून तो म्हणाला, याला कवडीची किंमत नाही, आणि ते भुईवर टाकून चालता झाला. मागाहून दुसरा आला. तो बोधिसत्त्व होता. त्याने सांगितले, आई, हे भांडे लाख मोलाचे आहे. एवढे धन माझ्यापाशी नाही. मग त्याने आपल्याजवळची पाचशे नाणी व पाचशेंचा माल देऊन, आठ नाणी, तराजू व थैली तेवढी मागून घेऊन, ते भांडे नेले. लोभी फेरीवाला परत आला तेव्हा त्याचे हृदय फुटले व तो नदीच्या काठी मेला.

ही कथा लहानपणी ऐकली तेव्हा तिचे तात्पर्य उघड वाटले होते. या खेपेस दोन गोष्टी नव्याने दिसल्या. पहिली ही की, बोधिसत्त्वाने लाखाच्या भांड्याचे दिले केवळ हजार. शंभरातला एक भाग. तरी कथाकार त्यास धर्मात्मा म्हणतो आणि आपणही निःशंक मान डोलावतो. का? कारण त्याने आधी सांगितले. मोल ऐकून, समजून, आजीने हजारांवर दिले, ती तिची राजीखुशी. तेव्हा अन्याय कमी पैसे देण्यात नाही. दुसऱ्याने अंधारात निर्णय घ्यावा आणि दिवा आपल्या पदराखाली असावा, यात आहे.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होती. कथेत दोनच फेरीवाले आहेत: एक खोटे बोलणारा, एक सारे सांगणारा. परंतु जगातील बहुसंख्य सभ्य गृहस्थ या दोहोंपैकी कोणीच नसतात. ते तिसरे फेरीवाले असतात. तिसरा फेरीवाला भांडे हाती घेतो, ओरखडा काढतो, 'कवडीची किंमत नाही' असे मुळीच म्हणत नाही, शांतपणे विचारतो, "आई, काय घ्याल?" आजी म्हणते, "चार नाणी." तो पाच देतो, वर एक मणी नातीच्या हातावर ठेवतो, आणि नदी उतरून जातो. त्याचे हृदय फुटत नाही. त्याने एकही असत्य शब्द उच्चारलेला नाही, मागितल्याहून अधिक दिले आहे, आणि त्या घरात पुढे कित्येक वर्षे त्याचे नाव चांगला माणूस म्हणूनच निघेल. जातककाराने त्याची कथा सांगितली नाही. आम्हांस मात्र तो चांगला ओळखीचा वाटला. काकूंना पाचाऐवजी दहा हजार देऊन त्यांचा दुवा घ्यावा, हा विचार त्याच रात्री आमच्या मनात येऊन गेला होता.

या तिसऱ्या फेरीवाल्यास कायदा काय म्हणेल? आपल्याकडील १८७२ सालच्या करार कायद्यात कपटाची व्याख्या सतराव्या कलमात आहे. एखाद्या वस्तुस्थितीविषयी नुसते मौन पाळणे म्हणजे कपट नव्हे, असे ते कलम म्हणते. मात्र परिस्थितीमुळे बोलणे हेच कर्तव्य ठरत असेल, किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट वेगळी. खाली चार उदाहरणे आहेत, आणि वकिलांपेक्षा आमच्यासारख्यांनीच ती अधिक वाचावी अशी आहेत. अ लिलावात ब यास घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्यास ठाऊक आहे. तो बोलत नाही. हे कपट नव्हे. पण ब ही अची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणे त्याचे कर्तव्य होते. ब जर म्हणेल, "तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन," आणि अ गप्प राहील, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच आहे. चौथ्यात अ आणि ब दोघेही व्यापारी. भाव बदलल्याची खासगी बातमी अला लागलेली. ती बला सांगण्यास तो बांधलेला नाही.

हे चौथे उदाहरण वाचून आमच्यातील तिसरा फेरीवाला आनंदला. भावाची बातमी सांगण्याचे बंधन नाही, हे कायद्यानेच म्हटले आहे! पण लगेच दिसले की, तेथे दोघेही व्यापारी आहेत. बातमी कमावणे व गमावणे हा दोघांचाही धंदा आहे. आज एकाला लागली, उद्या दुसऱ्याला लागेल. काकूंचा तो धंदा नव्हता. त्या तर दुसऱ्या व तिसऱ्या उदाहरणाच्या मध्ये कोठेतरी बसलेल्या होत्या. "तुम्ही सांगाल ते," हे त्यांचे शब्द. त्यांनी आम्हांस केवळ गिऱ्हाईक म्हणून बोलावले नव्हते, न्यायाधीशही नेमले होते. आणि गिऱ्हाईकानेच न्यायाधीश व्हावे असा तो खटला होता. ज्या क्षणी आम्ही "साफ करून घ्यावे लागेल" असे तज्ज्ञाच्या आवाजात बोललो, त्या क्षणी ती नेमणूक आम्ही पत्करली होती. पत्करून अर्धाच निकाल वाचून दाखविला होता.

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात तो मांडला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? स्टोइक पंथाचे दोन आचार्य येथे भांडतात. डायोजिनीस म्हणतो, कायद्याने सांगावयास लावलेले दोष सांगितले, कपट केले नाही, म्हणजे झाले. लपविणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. अँटिपेटर म्हणतो, माणसे एकमेकांच्या हितासाठी जन्मली आहेत. मला ठाऊक असलेले समोरच्यापासून राखून ठेवण्याचा मला अधिकार नाही. सिसरो अँटिपेटरच्या बाजूस झुकतो. प्रत्येक मौन म्हणजे लपविणे असे तोही म्हणत नाही. पण जे जाणण्यात दुसऱ्याचे हित आहे, ते आपल्या लाभासाठी त्याच्यापासून दूर राखणे, हे लपविणेच होय असे त्याचे मत पडते.

परंतु डायोजिनीसचा पक्ष इतक्यावर सोडणे अन्यायाचे होईल. त्याचे बळ आम्हांस त्या रात्रींत चांगले जाणवले. आम्ही तीस वर्षे भिंगांविषयी वाचले, डोळे शिणविले, पैसे बुडविले. हे ज्ञान आमच्या श्रमाची कमाई नव्हे काय? वैद्य आपल्या ज्ञानाचे पैसे घेतो, वकील घेतो, मग आम्हीच ते फुकट का वाटावे? शिवाय जुन्या वस्तूंचे व्यापारी माळ्यामाळ्यांतून हिंडतात ते या फरकाच्याच आशेने. प्रत्येकाने आधी पुरती किंमत सांगावी असा नियम केला, तर कोणी हिंडणार नाही; असली भिंगे भंगारात जाऊन वितळतील, आणि मग काकूंना पाच हजारही मिळणार नाहीत.

या युक्तिवादात बरेच तथ्य आहे, आणि त्यामुळेच तो धोक्याचा आहे. वैद्य पैसे घेतो ते ज्ञान देण्याचे. आम्ही जे घेणार होतो ते ज्ञान न देण्याचे. आम्ही जर म्हटले असते, "काकू, हे विकून देतो, शेकडा दहा माझे," तर ती आमच्या तीस वर्षांची रास्त मजुरी झाली असती, व कोणास बोट दाखविता आले नसते. व्यापाऱ्याचेही तसेच. तो दारात व्यापारी म्हणून उभा राहतो. हा स्वस्त घेईल व महाग विकील, हे त्याच्या पाटीवरूनच समजते. आणि समोरचा चार ठिकाणी विचारावयास मोकळा असतो. त्याने आपला नफा राखून भाव सांगितला तर आम्ही त्यास दोष देणार नाही. आम्ही मात्र दारात उभे राहिलो ते त्यांच्या यजमानांचे स्नेही म्हणून. व्यापाऱ्याचा नफा आणि स्नेह्याचा विश्वास, हे दोन्ही एकाच थैलीत घालून घरी आणणे, ही आमची इच्छा होती. ज्ञान आमचे होते, यात संशय नाही. पण भिंग त्यांचे होते, आणि आमचे ज्ञान त्यांच्या भिंगाविषयीचे होते. त्यांच्या वस्तूत त्यांना न सांगता आम्ही गुप्तपणे भागीदार झालो होतो.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी फिरावयास म्हणून आम्ही पांडवलेण्यांकडे गेलो. तेथील दहाव्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व किरकोळ खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेविले. दोन हजार एकीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे पुष्कळदा गेलो आहो, व व्याजाचे ते दर आर्थिक इतिहास म्हणून सांगत आलो आहो. त्या दिवशी वाटले, हे दर खडकावर कोरण्याचे कारण काय असेल? विणकरांना ते ठाऊक होते, उषवदातास ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पुढे येणाऱ्या भिक्षूंना, जे व्यवहारात कच्चे असणार आणि ज्यांना कोणीही काहीही सांगू शकले असते. ज्याला कमी कळते त्याच्यासाठीच तो आकडा दगडावर लिहून ठेविला गेला, असे आम्ही समजलो. अठराशे वर्षे उलटून गेली, पण अजून तो वाचता येतो.

चौथ्या रात्रीनंतर सकाळी आम्ही वाड्यात गेलो. काकू तुळशीला पाणी घालीत होत्या. आम्ही बसलो व सारे सांगून टाकले: हे भिंग कोणते, का विरळा, निर्दोष असते तर काय आले असते, बुरशीमुळे किती उतरेल, तरीही साठ-सत्तर हजारांच्या खाली देऊ नये, आणि आमच्याजवळ मात्र पंचवीस हजारांपलीकडे देण्याची सोय नाही. बोलताना आमच्या आवाजात थोडासा समारंभ शिरला होता, हे कबूल केले पाहिजे. आपण काहीतरी उदात्त करीत आहो, अशी भावना माणसाच्या आवाजास फार लवकर बिघडविते.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "हे तुम्हांला त्या दिवशीच ठाऊक होते ना?"

आम्ही म्हणालो, "हो."

"मग चार दिवस कशाला लागले?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरेच कळले नव्हते. सिसरो, करार कायदा, जातक, यांतील एकही गोष्ट तेथे सांगण्याजोगी नव्हती. आम्ही म्हणालो, "मला ते हवे होते, काकू." यावर त्या हसल्या व म्हणाल्या, "हवे असणारच. ह्यांनासुद्धा ते सोडवत नसे." आणि चहा टाकण्यास आत गेल्या.

जातकातील बोधिसत्त्वास भांडे मिळाले. आम्हांस भिंग मिळाले नाही. काकूंचा मुलगा पुण्याहून आला, त्याने चौकशी केली, आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्यास ते दिले. किती आले, ते आम्ही विचारले नाही. आम्हांस वाईट वाटले काय? वाटले. अजूनही संध्याकाळच्या उजेडात एखादा चेहरा दिसला की, त्या भिंगातून तो कसा दिसला असता, असे मनात येते. सत्य सांगितल्याने हवी ती वस्तू मिळते, अशी जी आशा कथा लावतात, ती आम्ही वाचकांस लावू इच्छीत नाही. ती बहुधा मिळत नाही. आणि मिळणार असती तर सत्य सांगण्यास चार दिवस कोणालाच लागले नसते.

महिन्याभराने काकूंचा पुन्हा निरोप आला. पेटीतील राहिलेल्या वस्तू त्यांना काढून टाकावयाच्या होत्या. आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी सर्व सतरंजीवर मांडून ठेविले होते, आणि एक वही व पेन्सिल आमच्या हाती दिली. प्रकाशमापक, धुण्याचे डबे, तांबड्या काचेचा दिवा. एकेक वस्तू त्या उचलून दाखवीत, तीत काय चांगले आणि काय वाईट ते आम्ही सांगत असू, व पुढे आकडा लिहीत असू. दिव्याची काच चिरलेली होती. त्यापुढे आम्ही पन्नास रुपये लिहिले. त्या म्हणाल्या, "एवढेच?" आम्ही म्हणालो, "एवढेच, काकू." त्यांनी मान हलविली आणि पुढची वस्तू उचलली.